शिकवणीवाल्याचा दिवस

सकाळी 7.30

ट्रिएस्ट, ऑस्ट्रिया-हंगेरीचं बंदर. व्हिया देल्ला बार्रिएरा वेक्किया, घर क्रमांक 32. तळाला औषधाचं दुकान. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या जागेत एक आयरिश कुटुंब. साल 1911, दिवस हिवाळ्याचे. इथे हिवाळ्यात बोरा नावाचा वारा सुटतो. डोंगराकडून समुद्राकडे झेपावतो आणि माणसाला रस्त्यात नीट उभं राहू देत नाही.

घर जागं आहे. नोरा उठली आहे, शेगडी पेटली आहे. जॉर्जिओ सहा वर्षांचा, लुचिया चार वर्षांची. दोघं आपापसात बोलतात ती ट्रिएस्टची बोली, इटालियनच्या घराण्यातली. आईबापही त्यांच्याशी तीच बोलतात. नवऱ्याची बहीण आयलीन गेल्या वर्षी डब्लिनहून आली, ती इथेच राहते. धाकटा भाऊ स्टॅनिस्लॉस याच शहरात इंग्रजी शिकवतो. तो एव्हाना कामाला लागला आहे. घरात भाडं कमी पडलं, वाण्याचं बिल थकलं, की त्याचाच खिसा हलका होतो.

कमावता माणूस अजून झोपलेला आहे. जेम्स जॉइस, वय 29, धंदा इंग्रजीच्या शिकवण्या.

हा दिवस कॅलेंडरवरचा एकच दिवस नव्हे. आयलीनने, स्टॅनिस्लॉसने आणि विद्यार्थ्यांनी पुढे जे सांगितलं, पत्रांतून जे उरलं, त्यावरून तो लावलेला आहे. घड्याळाचे काटे थोडे पुढेमागे धरावेत.

सकाळी 10

जाग आली. उठणं मात्र नाही. नोरा कॉफी आणि पाव अंथरुणातच आणून देते. तो पडून राहतो. बोलत नाही, वाचत नाही, छताकडे बघत विचार करतो. हे तासभर चालतं. घरच्यांना ते सवयीचं झालं आहे.

कधीकधी शिंपी येतो. मूळचा पोलंडचा. पलंगाच्या कडेला बसतो आणि बोलत राहतो. जॉइस ऐकतो, मान डोलावतो. शिंपी नुसता गप्पांसाठी येतो की पैसे राहिलेत म्हणून, हे त्याचं त्यालाच ठाऊक. या घरात येणाऱ्या बहुतेकांचे पैसे राहिलेले असतात.

बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस आळशी वाटेल. पण याची बाजारपेठ दुपारनंतर उघडते. कारकून कचेरीतून सुटल्यावर, व्यापारी गोदाम बंद केल्यावर, मुलं शाळेतून आल्यावर शिकवणीला बसतात. सकाळी शिकायला कोणाला वेळ आहे?

सकाळी 11

उठला. दाढी केली. पियानोपाशी बसला.

पियानो हप्त्यांवर घेतलेला आहे. हप्ते भरत जातात तसे जातात, चुकत जातात तसे चुकतात. आवाज चांगला आहे, डब्लिनमध्ये असताना गाण्याच्या स्पर्धेत त्याने बक्षीसही मिळवलं होतं. तो वाजवतो, गातो, आणि दारावर थाप पडते. वसुलीवाला.

आयलीन आत येऊन सांगते. काय करायचं? येऊ दे म्हणतो. वसुलीवाला आत येतो, टोपी काढतो, तगादा लावतो. हाती फारसं लागत नाही. मग जॉइस विषय हळूच वळवतो. कालचा ऑपेरा कसा झाला? ऑस्ट्रियाचं सरकार काय करणार? इटलीचं काय? ट्रिएस्टमध्ये या दोन विषयांवर मत नसलेला माणूस सापडत नाही. पाऊण तासाने वसुलीवाला मत देऊन निघतो. पावतीपुस्तक जसंच्या तसं काखेत.

तो पुन्हा पियानोपाशी बसतो.

सकाळी 11.45

टपाल. डब्लिनहून काही आहे का?

या घरातला सगळ्यात थकलेला हिशेब टपालाचा आहे. 'डब्लिनर्स' नावाचा कथासंग्रह सहा वर्षं प्रवासात आहे. 1905 च्या अखेरीला त्याने बारा कथा लंडनच्या ग्रँट रिचर्ड्सकडे पाठवल्या. 1906 मध्ये रिचर्ड्सने होकार दिला, करार झाला. जॉइसने उत्साहाने आणखी एक कथा पाठवली. ती छापखान्यात गेली आणि छापखानेवाल्याने हात वर केले.

इंग्लंडचा कायदा तसा होता. मजकूर आक्षेपार्ह ठरला तर लेखक आणि प्रकाशकाबरोबर छापणाराही कोर्टात उभा राहणार. म्हणजे पुस्तकाचा पहिला वाचक छापखान्याचा मालक, आणि त्याला साहित्याशी देणंघेणं असायचं कारण नाही. त्याला छापखाना चालवायचा आहे. त्याने निळ्या पेन्सिलीने खुणा करून पानं परत पाठवली. अमुक शिवी नको. बाईबद्दलचं ते वाक्य नको.

जॉइसने लांबलचक पत्रं लिहिली. वाद घालण्याच्या भरात त्याने रिचर्ड्सला हेही कळवलं की छापखानेवाल्याच्या नजरेतून याहून वाईट एक कथा सुटलेली आहे. रिचर्ड्सने ती काढून वाचली. मग तीही नको झाली. त्या साली शरदात हस्तलिखित साभार परत.

त्यानंतर एकापाठोपाठ एक लंडनचे प्रकाशक. एल्किन मॅथ्यूजने कथा नाकारल्या, कविता घेतल्या. 'चेंबर म्युझिक' 1907 च्या मे महिन्यात निघालं. पहिल्या 300 प्रती खपेपर्यंत मानधन नाही, अशी अट. 300 काही खपल्या नाहीत.

मग 1909. डब्लिनची मॉनसेल कंपनी, चालवणारा जॉर्ज रॉबर्ट्स. ऑगस्टमध्ये करार झाला. कथा आता पंधरा. पुढच्या वर्षी प्रूफंही आली. आणि रॉबर्ट्सची सुई एका कथेवर अडकली. निवडणुकीच्या कचेरीत बसलेली माणसं त्या कथेत राजा सातव्या एडवर्डबद्दल बोलतात. चार माणसं दारूवर बसून राजाबद्दल जसं बोलतील तसंच. रॉबर्ट्स म्हणतो, बदला. जॉइस म्हणतो, नाही. प्रकाशनाची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली.

या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॉइसने सरळ राजालाच लिहिलं. एडवर्ड वारला होता, गादीवर मुलगा पाचवा जॉर्ज. त्याला कथेचं छापील प्रूफ पाठवलं, त्या ओळींवर खूण केली आणि विचारलं की आपल्या वडिलांच्या स्मृतीला यात काही बाधा येते का. चिटणिसाचं उत्तर आलं. अशा बाबतीत मत देण्याची महाराजांची पद्धत नाही. मग जॉइसने सगळी हकिगत लिहून आयर्लंडच्या वृत्तपत्रांना पाठवली. 'सिन फेन'ने पूर्ण छापली. बेलफास्टच्या 'नॉर्दर्न व्हिग'ने वादाचा उतारा गाळून छापली.

ऑस्ट्रियातून परदेशी जाणाऱ्या साध्या पत्राला 25 हेलर लागतात. शंभर हेलरचा एक क्राउन. प्रूफं जोडली की वजन वाढतं आणि तिकिटंही वाढतात. आजच्या टपालात डब्लिनचं काही नाही.

दुपारी 1

जेवण. नोराने रांधलेलं.

ती गॉलवेची. डब्लिनच्या एका हॉटेलात कामाला होती. 1904 च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी देश सोडला. लग्न केलेलं नव्हतं, आजही नाही. झुरिचमध्ये नोकरी आहे असं कळलं होतं. तिथे गेल्यावर समजलं की नाही. ट्रिएस्टला आले, तिथेही नाही. मग पोला, आणि 1905 च्या मार्चमध्ये परत ट्रिएस्ट. सुरुवातीच्या वर्षांत घर चालावं म्हणून नोराने लोकांचे कपडे धुऊन दिले, इस्त्री करून दिली.

जेवता जेवता ती घड्याळ दाखवते. शिकवणी आहे, लक्षात आहे ना? मग शर्टाकडे बघते. कालचाच घातला आहे, मळलेला. काढ म्हणते. तो काढत नाही. हे रोजचं आहे.

त्याच्या लिखाणातलं ती फारसं वाचत नाही. कपडे, जेवण, भाडं, मुलांचे बूट हे तिच्या खात्यात. त्यातलं एकही काम उद्यावर ढकलता येत नाही. पुस्तक मात्र सहा वर्षं ढकललं जातंय.

दुपारी 2

पहिली शिकवणी. विद्यार्थी कधी घरी येतो, कधी मास्तर त्याच्याकडे जातो.

हत्यारं फार लागत नाहीत. फळा नाही, पुस्तक असलं तर असलं. एक खुर्ची आणि एक सिगार. सिगार व्हर्जिनिया जातीचा. लांब, बारीक, आत गवताची काडी घातलेली. काडी ओढून काढायची, मग पेटवायचा. दोन शिकवण्यांच्या मध्ये काळी कॉफी. दुपारभर हे इंधन.

शिकवण्याची रीत मात्र स्वतःची. एका विद्यार्थ्याची आठवण नोंदलेली आहे. जॉइसने त्याला तेलाच्या दिव्याचं वर्णन करायला सांगितलं. त्याने दोन वाक्यं जुळवली आणि गप्प झाला. मग जॉइसने स्वतः सुरू केलं. काच, वात, तेल, ज्योत, काजळी. अर्धा तास तो त्या दिव्यावर बोलत होता. विद्यार्थ्याच्या बापाने पैसे कशाचे दिले, व्याकरणाचे की दिव्याचे, हे कोण सांगणार?

आणखी एका ठिकाणी धडा संपल्यावर मास्तर आणि विद्यार्थी जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली आले, अशीही गोष्ट सांगतात. घरच्यांनी पाहिलं. ती शिकवणी तिथे संपली.

त्याला पक्का पगार पूर्वी होता. 1905 मध्ये बर्लिट्झ शाळेत लागला तेव्हा आठवड्याला 42 क्राउन, नंतर 45. चोवीस क्राउनचा साधारण एक पौंड. म्हणजे दोन पौंडांहून थोडं कमी, नोरा आणि तान्हं मूल सांभाळून. नंतर तो शाळा सोडून स्वतःच्या शिकवण्या घेऊ लागला. मधला कमिशनवाला गेला, पण सुट्टीतला पगारही गेला. उन्हाळ्यात विद्यार्थी गाव सोडून जातात. शिकवण्या बंद, भाडं चालू.

दुपारी 3.30

रस्त्यावर. एका घरातून दुसऱ्या घरी. पायी, कारण ट्रामला पैसे पडतात.

शहराची वस्ती दोन लाख तीस हजारांच्या आसपास. ऑस्ट्रिया-हंगेरीचं मुख्य बंदर हेच. व्हिएन्नाहून रेल्वे थेट इथे येते. धक्क्यावर कॉफीची पोती उतरतात. लॉइड कंपनीच्या बोटी सुएझमधून पार मुंबईपर्यंत जातात. विमा कंपन्या, जहाजवाले, दलाल, गोदामवाले. रस्त्यात इटालियन ऐकू येतं, स्लोव्हेन, जर्मन, ग्रीक ऐकू येतं. पण बिलं, विमा, मालाची कागदपत्रं यांत इंग्रजी लागतं. म्हणून कारकुनाला ते यायला हवं, म्हणून त्याच्या साहेबाला, आणि म्हणून जॉइसला रोज दोन वाजता घराबाहेर पडता येतं.

त्याने दुसरे धंदेही करून पाहिले. 1909 च्या डिसेंबरमध्ये डब्लिनमध्ये सिनेमागृह काढलं, 'व्होल्टा'. पैसा ट्रिएस्टच्या भागीदारांचा, धावपळ याची. नफ्यात दहा टक्के त्याचे ठरले होते. नफा झाला नाही. पुढच्या वर्षी भागीदारांनी ते तोट्यात विकलं. त्याच फेरीत त्याने आयरिश लोकरी कापडाची एजन्सी आणली. ती थोडी चालली. ट्रिएस्टमधल्या दोनचार विद्यार्थ्यांच्या अंगावर आयर्लंडचं कापड आहे, ते मास्तरांनीच विकलेलं.

संध्याकाळी 4.30

सेर्व्होला. शहराच्या कडेला, आखाताला लागून. इथे रंगाचा कारखाना आहे आणि त्याला चिकटून मालकांचं घर, व्हिला व्हेनेत्झियानी. बोटीचा पाण्याखालचा भाग शेवाळं आणि शिंपल्यांपासून वाचवायचा तर हा रंग लावतात. त्याची कृती घराबाहेर जात नाही. गिऱ्हाइकांत ब्रिटिश आरमारही आहे, त्यामुळे लंडनजवळ चार्ल्टनला शाखा काढावी लागली. आणि शाखा चालवायची म्हणून जावयाला इंग्रजी हवं झालं.

जावई एत्तोरे श्मित्झ, पन्नाशीला टेकलेला. 1907 पासून जॉइसचा विद्यार्थी. त्याची बायको लिव्हियाही शिकायला बसायची. कधी आठवड्यातून तीनदा मास्तर इथे यायचे.

एकदा मास्तरांनी आपली नुकती लिहून झालेली कथा इथे वाचून दाखवली, 'द डेड'. लिव्हिया बागेत गेली आणि फुलं तोडून आणून त्यांच्या हातात दिली. सहा वर्षांत या कथांना मिळालेलं रोख मानधन बघितलं तर ही फुलं त्यात मोठी रक्कम ठरतील. त्याआधी, देश सोडला त्या साली, एका शेतीविषयक साप्ताहिकाने त्याच्या तीन कथा छापल्या होत्या, एकेका कथेला एक पौंड देऊन. चौथी नको म्हणाले. वाचकांच्या तक्रारी येत होत्या.

मग श्मित्झने भीतभीत आपलं गुपित काढलं. त्यानेही दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या, इतालो स्वेवो या नावाने. 1892 आणि 1898. दोन्ही स्वतःच्या खर्चाने छापलेल्या. कोणी दखल घेतली नाही. त्याने लिहिणं टाकून दिलं, निदान चारचौघांत तरी, आणि रंग विकायला लागला. जॉइसने दोन्ही वाचल्या. पुढच्या वेळी आल्यावर त्याने त्यातल्या 'सेनिलिता'मधले उतारेच्या उतारे तोंडपाठ म्हणून दाखवले. श्मित्झ त्या दिवशी त्याला सोडायला निघाला आणि बोलत बोलत बराच लांब चालत गेला.

श्मित्झनेही परतफेड केली. जॉइस आत्मचरित्रात्मक कादंबरी लिहीत होता. 1908 मध्ये तीन प्रकरणं झाली आणि काम अडलं. ती प्रकरणं त्याने श्मित्झला दिली. 1909 च्या फेब्रुवारीत श्मित्झने इंग्रजीत पत्र लिहून मत कळवलं. कुठे आवडलं, कुठे नाही, नीट सांगितलं. मास्तरांनी दिलेला हा बहुधा सगळ्यात अवघड गृहपाठ. काम पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी 7

अजून शिकवण्या. काही दिवस सातला सुटका होते, काही दिवस आठला, काही दिवस नऊला.

घसा सुकलेला असतो. पाच तास एकच भाषा हळू, सोपी करून बोलायची. हेच पुन्हा, तेच पुन्हा. डोळ्यांचंही दुखणं आहे. 1907 मध्ये संधिवाताच्या तापाने तो इस्पितळात पडला होता, तेव्हापासून डोळे धड नाहीत.

तरीही हे काम त्याला बँकेपेक्षा बरं वाटतं. 1906 मध्ये शिकवण्यांना कंटाळून तो रोमला गेला होता. बँकेत पत्रव्यवहाराचा कारकून, महिना 250 लिरा. सकाळी साडेआठपासून रात्री साडेसातपर्यंत, मध्ये जेवणाची सुट्टी. दिवसाला दोनशेच्या वर पत्रं हातून जायची. विजारीची बैठक झिजून गेली तेव्हा ती झाकायला तो आत बसूनही लांब कोट काढत नसे. सात महिन्यांनी परत आला. त्या काळात कथा एकही लिहून झाली नाही. फक्त 'द डेड' डोक्यात घेऊन तो परतला.

शिकवणीत निदान सकाळ आपली राहते.

रात्री 8.30

जेवण. आठवड्यातून एकदोनदा तो शिकवण्या लवकर आटोपतो आणि नोराला घेऊन ऑपेराला जातो. बसायचं सगळ्यात वर, स्वस्तात. वसुलीवाल्याला या खर्चाचा पत्ता नसतो. स्टॅनिस्लॉसला असतो.

आज घरीच. शेगडीकडे बघून यंदाचाच एक प्रसंग सांगायला हवा. मॉनसेलची चालढकल, पैशांची ओढाताण, त्यात नोराशी बोलाचाली झाली. जॉइसने कादंबरीच्या हस्तलिखिताची चळत उचलली आणि शेगडीत टाकली. आयलीन तिथेच होती. तिने हात घातला आणि कागद बाहेर ओढले. बोटं भाजली, कागदांच्या कडा जळल्या, मजकूर बहुतेक वाचला.

दुसऱ्या दिवशी जॉइस बाजारात गेला. तिच्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या साबणाच्या तीन वड्या आणि हातमोज्यांचा नवा जोड घेऊन आला. त्यातली काही पानं आपल्याला पुन्हा लिहिता आलीच नसती, असं त्याने कबूल केलं. हस्तलिखित जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं.

साबण आणि हातमोजे. किंमत कोणी लिहून ठेवलेली नाही. पुढे 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अॅज अ यंग मॅन' झालेलं पुस्तक तेव्हा एवढ्यावर सुटलं.

रात्री 10

मुलं झोपली. टेबल रिकामं झालं. आता त्याचा खरा धंदा.

टाइपरायटर नाही. दौत, टाक, कागद. कच्चं लिहायचं, खोडायचं, मग स्वच्छ प्रत. हस्तलिखित पाठवायचं म्हणजे ते टपालात हरवण्याची जोखीम घ्यायची. म्हणून एक प्रत घरात हवी. म्हणजे पुन्हा उतरवणं. हाताने.

पण या वर्षी कादंबरीपेक्षा पत्रंच जास्त लिहून होतात. रॉबर्ट्सला पत्र. वकिलाला पत्र. डब्लिनमधल्या ओळखीच्यांना पत्र, जरा रॉबर्ट्सच्या कचेरीत डोकावता का म्हणून. कचेरी आपल्या गावात असती तर रोज खेटे घातले असते. इथून खेटे घालायचे तर 25 हेलरचं तिकीट लावून, उत्तराची आठवडाभर वाट बघत.

सोपा उपाय समोर आहे. राजाबद्दलच्या त्या ओळी बदलायच्या, दोनचार शिव्या काढायच्या, एखादी कथा गाळायची. महिन्याभरात पुस्तक बाजारात. काही तडजोडी त्याने केल्याही, एकेका शब्दाच्या. पण रस्त्यांची नावं, दुकानांची नावं, दारूच्या गुत्त्यांची नावं खरी राहिली पाहिजेत, माणसं जशी बोलतात तशीच बोलली पाहिजेत, इथे तो हटत नाही. डब्लिनमध्ये बसलेल्या रॉबर्ट्सला त्या दुकानदारांची भीती वाटते. ट्रिएस्टमध्ये बसलेल्या जॉइसला तीच नावं गाव म्हणून उरली आहेत.

रात्री 11.30

दिवसाचा हिशेब.

जमा: शिकवण्यांचे पैसे. त्यातले काही आगाऊ घेऊन झालेले, म्हणजे आज नुसती मेहनत जमा.

खर्च: सिगार, कॉफी, टपाल. पियानोचा हप्ता पुढे ढकलला. भाडं स्टॅनिस्लॉसला विचारून.

लिहिलेली पानं: थोडी.

उद्या पुन्हा दोन वाजता शिकवणी.

पुढचा हिशेब

1912 च्या एप्रिलमध्ये सरकारी शाळेत पक्की नोकरी मिळावी म्हणून त्याने पादुआला जाऊन इटालियन सरकारची परीक्षा दिली. 450 पैकी 421 गुण पडले. नोकरी मिळाली नाही. डब्लिनची पदवी तिथे चालेना.

त्याच उन्हाळ्यात तो रॉबर्ट्सला गाठायला डब्लिनला गेला. हजार प्रतींचे फर्मे छापून तयार होते. 11 सप्टेंबरला छापखान्याने ते नष्ट केले. छापणाऱ्याला असलं पुस्तक आपल्या हातून बाहेर पडायला नको होतं. त्याआधी जॉइसने युक्तीने प्रूफांचा एक पूर्ण संच आपल्या ताब्यात घेतला होता, तेवढाच वाचला. तो घेऊन परतला. आयर्लंडला पुन्हा कधी गेला नाही. बार्रिएरा वेक्कियाची जागाही त्याच साली सुटली.

1913 मध्ये ट्रिएस्टच्या व्यापारी महाविद्यालयात सकाळचे तास मिळाले. आता सकाळही आपली राहिली नाही. डिसेंबरात लंडनहून एझरा पाउंड नावाच्या अनोळखी कवीचं पत्र आलं, काही छापण्याजोगं आहे का म्हणून. फेब्रुवारी 1914 पासून कादंबरी 'द इगोइस्ट' या नियतकालिकात क्रमशः येऊ लागली. आणि 'डब्लिनर्स' शेवटी घेतलं ते 1906 मध्ये परत करणाऱ्या ग्रँट रिचर्ड्सनेच. 15 जून 1914, सोमवार, 1250 प्रती. अटी अशा: पहिल्या 500 प्रतींवर मानधन नाही, आणि 120 प्रती लेखकाने स्वतः विकत घ्यायच्या. त्याने सही केली. त्या साली खप 500 च्या आत राहिला.

जुलैच्या अखेरीला महायुद्ध पेटलं, विद्यार्थी पांगले. तोवर टेबलावर नवी कादंबरी आली होती. ती 2 फेब्रुवारी 1922 ला पॅरिसमध्ये निघाली, एका पुस्तकाच्या दुकानाच्या मालकिणीने काढली. इंग्रजी मुलखात छापणं अशक्यच दिसत होतं. शेवटी काम गेलं दिजोंच्या एका फ्रेंच छापखान्याकडे. तिथे खिळे जुळवणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं. या वेळी छापखान्याकडून एकही आक्षेप आला नाही.